शिट्टी झाली होती

रविवारी सकाळी मैदानावर जायच्या आधी ती दोन कामं न चुकता करायची. शिट्टी गरम पाण्याने धुवायची, आणि आत्याने चहाबरोबर जे जे ऐकवलं असेल ते विसरून जायची. आत्याचं म्हणणं थोडक्यात असं, की चार वर्षं ध्वनीचं शास्त्र शिकलीस, आठवडाभर दवाखान्यात लोकांचे कान तपासतेस, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच लोकांची बोलणी स्वतःच्या कानांनी ऐकायला जातेस, याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. हे थोडक्यात. आत्या शिवणकाम करायची, आणि तिच्या तोंडाचंही मशीनसारखंच होतं. एकदा सुरू झालं की दोरा संपेपर्यंत थांबायचं नाही.

लीग बारा वर्षांखालच्या मुलामुलींची होती, पण खरा सामना चाळिशीच्या वरच्यांचा असायचा. मैदानाच्या कडेने एक दोरी बांधलेली, आणि दोरीपलीकडे आईबाप. एरवी बँकेत, दुकानात, शाळेत बसून गोड बोलणारी ही माणसं रविवारी साडेनऊला दोरीपाशी आली की कुणी किल्ली दिल्यासारखी सुरू व्हायची. पंचाने चष्मा घ्यावा. पंचाने घरी जाऊन झोप काढावी. पंचाने नियमांचं पुस्तक कधीतरी सुलटं धरून वाचावं. यातलं बरंच तिला पाठ झालं होतं, आणि जे पाठ नव्हतं ते ती वहीत लिहून घ्यायची. खिशात एक लहान वही आणि पेन्सिलीचा तुकडा असायचा. मध्यंतरात ती आठवून रेघा ओढायची: हरकती किती, कशाबद्दल, त्यातल्या बरोबर किती. आठ सामन्यांची सरासरी निघाली होती ती एकशे चाळीस हरकती आणि त्यातल्या बरोबर अकरा. अकरा चुका म्हणजे फार नव्हेत, पण त्या तिला रविवारी दुपारी जेवताना आठवत.

तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर अजून ‘उमेदवार’ असं लिहिलेलं होतं. दहा सामने शेवटच्या मिनिटापर्यंत नेले की तो शब्द जायचा. आठ झाले होते. नववा एकतिसाव्या मिनिटाला मोडला, आणि मोडला तो भोंग्यामुळे.

भोंगा हे नाव पोरांनी ठेवलेलं. माणूस पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात फोरमन होता, छाती कपाटाएवढी, आणि आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरच्या सायकलवाल्याने ब्रेक दाबावा. बाकीचे आईबाप निदान विषय तरी बदलायचे. भोंग्याचा विषय एकच, शिट्टी. त्याच्या मते ही बाई शिट्टी वाजवतच नव्हती. गंमत म्हणजे तो हे ओरडायचा तेव्हा शिट्टी होऊन गेलेली असायची. खेळ थांबलेला असायचा, एखादं पोर बुटाची नाडी बांधायला बसलेलं असायचं, आणि हा गृहस्थ दोरीपलीकडून विचारायचा, “ओ बाई, फाऊल दिसला नाही का? ती शिट्टी काय शोभेला घातलीय गळ्यात?”

पहिल्यांदा तिला तो विनोद वाटला. तिसऱ्यांदा डाव वाटला. माणूस मुद्दाम उशिरा ओरडतो, म्हणजे पंचाचा तोल जातो, असा तिने निष्कर्ष काढला आणि तो वहीत लिहूनही टाकला.

भोंग्याची मुलगी लीगमधल्या एका संघाची गोलकीपर होती. अकरा वर्षांची, काडीसारखी, हातमोजे कोपरापर्यंत आलेले, आणि जीभ कात्रीसारखी. ओरडायची नाही. पंच जवळून गेला की त्याला ऐकू जाईल एवढंच पुटपुटायची. तिची आणखी एक खोड होती. शिट्टी वाजली रे वाजली की ही पोर डावा हात वर करायची, पाची बोटं पसरून. दरवेळी, न चुकता. फ्री किक देताना पंचही हात वर करतो, तेव्हा ही सरळसरळ नक्कल होती. पंचाने दोन सामने ती गिळली. तिसऱ्या सामन्यात, एकतिसाव्या मिनिटाला, शिट्टी वाजली, पिवळा मोजा वर गेला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सरळ जाऊन पिवळं कार्ड काढलं. पंचाची चेष्टा, गैरवर्तन, ताकीद.

पोरीने आधी कार्डाकडे, मग गोलच्या खांबाकडे बघितलं. मग म्हणाली, “हिच्यापेक्षा गोलच्या खांबाला जास्त कळतं.”

दुसरं पिवळं. दोन पिवळ्यांचं एक लाल. पोर रडत बाहेर, भोंगा दोरी ओलांडून आत. तो नेमकं काय बोलला ते तिने अहवालात शब्दशः लिहिलं, त्याला सव्वा पान लागलं. त्याच्या मागोमाग आणखी दोन बाप आले, त्यांना आवरायला समोरच्या संघाची एक आई आली, आणि आवरता आवरता तीच सर्वांत मोठ्याने ओरडू लागली. सामना तिथेच संपला.

लीगचे सचिव खेळाच्या सामानाचं दुकान चालवायचे आणि तीस वर्षं हेच बघत आले होते. त्यांनी फोनवर तिची समजूत काढली. दोष तुझा नाही, अहवाल गुरुवारी समितीपुढे ठेव, भोंग्याला वर्षभर मैदानबंदी करून टाकू, पोरीला तीन सामने बाहेर बसवू, आणि ज्याच्या बापावर बंदी त्या पोराला क्लब पुढच्या वर्षी घेत नाही, तेव्हा तो प्रश्नही सुटेल. तुझा सामना मात्र धरता येत नाही, पण अहवाल मुद्देसूद असला तर तेवढं बघून घेऊ. तिने मुद्देसूद अहवाल लिहिला. दोन पानं, वेळेच्या नोंदींसकट. लिहून झाल्यावर तिला फार बरं वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी दवाखान्यात ती कागद लावत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीतून आवाज आला आणि तिच्या हातातला कागद थांबला. भोंगा नोंदणी करणाऱ्या मुलीला सांगत होता की त्याला काहीएक झालेलं नाही, बायकोने पाठवलंय. बायकोचं म्हणणं त्याला कमी ऐकू येतं, त्याचं म्हणणं ती हळू बोलते, आणि हा वाद मिटवायचा म्हणून तो आलाय. नोंदणीच्या मुलीने वय विचारलं. त्याने पत्ता सांगितला.

त्याने तिला ओळखलं नाही. पांढरा कोट, तोंडावर मास्क, आणि मुळात काळा शर्ट अंगात नसला की पंच कुणालाच ओळखू येत नाही. सोबत आलेल्या पोरीने मात्र दारातच ओळखलं आणि भिंतीवरचं कानाच्या आतल्या भागांचं चित्र असं वाचायला घेतलं, जणू उद्या त्यावर परीक्षा होती.

तपासणीची खोली लहानशी होती. त्यात एक जाड भिंतींची केबिन, केबिनला काच. पेशंट आत बसायचा, कानांवर हेडफोन, हातात बटण. ती काचेबाहेर यंत्रापाशी. ती एकेक सूर पाठवणार, पेशंटने ऐकू आला की बटण दाबायचं. आत बसल्यावर बोलायचं नाही, असं तिने त्याला सांगितलं, आणि हे वाक्य आयुष्यात कधी कुणाला इतक्या समाधानाने सांगितलं नव्हतं. पेशंटला ती बाजूला तोंड करून बसवायची. फोरमनने खुर्ची हळूच फिरवून काचेकडे तोंड केलं. पोर मागच्या बाकावर.

पहिला सूर. त्याने बटण दाबलं. आणखी हळू. दाबलं. अगदी बारीक, तरुण मुलांनाही चुकतो इतका बारीक. दाबलं. उंच सूर, खालचे सूर, डावा कान, उजवा कान, सगळीकडे बटण. पाच मिनिटांनी तिच्यासमोर असा आलेख होता की डॉक्टरांनी तो फ्रेम करून लावला असता. बावीस वर्षं पत्र्याच्या प्रेसशेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला मांजराचे कान होते.

शास्त्र शिकलेल्या माणसाला फार चांगलं उत्तर आलं की आधी शंका येते. तिने एक प्रयोग केला. यंत्राचा आवाज पूर्ण बंद केला, आणि नेहमीसारखं बोट उचलून बटणावर टेकवलं. सूर गेलाच नाही.

आत फोरमनने बटण दाबलं.

तिने पुन्हा केलं. पुन्हा दाबलं. आणि मग तिने यंत्रावरची नजर वर उचलली. समोरच्या काचेत फोरमनच्या खांद्याच्या जरा वर, अंधुक, तिच्या मागच्या बाकाचं प्रतिबिंब दिसत होतं. तिने बोट टेकवलं. काचेतल्या त्या पोरीचा डावा हात वर गेला, पाची बोटं पसरून.

तिला मैदान आठवलं. ते पिवळं कार्ड आठवलं. आणि मोज्याचा तो पंजा आठवला, तो तिच्याकडे वळलेला नव्हता. तीनही सामन्यांत तो दोरीकडे वळलेला होता. एवढ्या नोंदी केल्या, आणि हात कुणाकडे आहे ही एक नोंद कधी केली नव्हती.

ती खुर्ची फिरवून पोरीसमोर बसली. आत फोरमन बटण हातात धरून शहाण्या मुलासारखा वाट बघत होता.

“शिट्टी झाली की हाच हात ना?” तिने विचारलं.

पोरीने कानाच्या चित्राकडे बघितलं. चित्राने काही मदत केली नाही.

“घरी पण हाच,” ती शेवटी म्हणाली. “बेल वाजली की हात, फोन वाजला की हात. आईला माहीत नाही. पण बाबांचं लक्ष बॉलकडे असतं. हात दिसेपर्यंत त्यांचं ओरडून झालेलं असतं.”

“मग रविवारी सांगायचं नाही का मला?”

“सगळ्यांसमोर? आणि तुम्ही विचारलं कुठे. डायरेक्ट कार्ड काढलं.”

 ही हरकत वहीत नोंदली असती तर बरोबरच्या रकान्यात गेली असती.

पोरीला बाहेर पाठवून तिने तपासणी पहिल्यापासून केली, फोरमनला भिंतीकडे तोंड करून. या वेळी आलेख खरा आला. खालच्या सुरांना सरळ, रस्त्यासारखा, आणि उंच सुरांत तीन हजार हर्ट्झच्या पुढे गेला तो थेट विहिरीत. चार हजारांपाशी तळ. प्रेसशेजारी काम करणाऱ्यांची विहीर नेहमी तिथेच असते. माणसांचं बोलणं बरंचसं ऐकू येतं, म्हणून त्यांना स्वतःला पत्ता लागत नाही. नुसतं वाटतं की जग हल्ली पुटपुटायला लागलंय. तिने ड्रॉवरमधून स्वतःची शिट्टी काढली, केबिनचं दार लावून हळूच वाजवली आणि मोबाइलवर तिच्या सुराचा आकडा बघितला. तीन हजार आठशे. जगात एवढे सूर आहेत, आणि तिची शिट्टी नेमकी या माणसाच्या विहिरीत पडत होती. चाळीस मीटरवरून, दोरीवरच्या गोंगाटातून, त्याच्यापर्यंत पोचायचं ते कुजबुजीएवढंही नसणार. त्यावर त्याचा स्वतःचा आवाज.

तिने मास्क खाली केला. फोरमनने बघितलं आणि खुर्चीत मागे सरकला.

“तुम्ही त्या…”

“हो. तीच बाई.”

तिने आलेख दाखवला, विहीर दाखवली, शिट्टीचा आकडा विहिरीत कुठे येतो ते पेन्सिलीने दाखवलं. त्याने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

“म्हणजे तुम्ही शिट्टी वाजवत होतात?”

“प्रत्येक वेळी.”

“प्रत्येक?”

ती खोटं बोलू शकली नाही. “गेल्या महिन्यात एकदा विसरले होते.”

“ती मी बरोबर पकडली होती,” फोरमन म्हणाला, आणि त्याला थोडा धीर आल्यासारखं वाटलं.

पण पुढचं ऐकायला तो तयार नव्हता. कानाचं यंत्र नको. समितीला सांगणं तर नकोच. त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं की लोक भोंगा म्हणतात ते त्याला ठाऊक आहे, त्यात निदान आवाज तरी आहे. बहिरा म्हटलेलं चालणार नाही. प्रेस विभागातली पोरं पाठीमागे आवाज न काढता नुसती तोंडं हलवून दाखवतील. तिनेही सांगितलं की दवाखान्यातली गोष्ट दवाखान्याबाहेर जात नाही, तिच्या तोंडून तरी नाही. तो गेला. जाताना पोरीने दारातून मागे वळून बघितलं. शब्द नव्हते, पण गोलच्या खांबाशी झालेली तुलना जराशी सौम्य झाली असावी असं तिला वाटलं.

आता तिच्याकडे दोन पानी मुद्देसूद अहवाल होता आणि त्यातलं मूळच चुकलेलं होतं. चूक मान्य करायची तर कारण सांगता येत नाही. कारण न सांगता चूक मान्य करायची तर समितीला ती घाबरलेली वाटणार, आणि घाबरलेल्या पंचाला कुणी बिल्ला देत नाही. गप्प बसायचं तर एका पोरीचं फुटबॉल बंद, तेही तिने बापाचे कान व्हायचं कबूल केलं म्हणून. आत्याला तिने नाव-गाव न सांगता एवढंच विचारलं, की चुकून कुणाचं कापड उलटं कापलं तर तू काय करतेस. आत्या म्हणाली, गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, मग रडायचं. उलट केलं तर दोन्ही वाया जातं.

गुरुवारी समिती दुकानामागच्या खोलीत बसली, म्हणजे सचिव आणि आणखी दोघं, तिघंही चेंडूंच्या खोक्यांवर. तिने सांगितलं की पहिलं पिवळं कार्ड माझी चूक. त्या मुलीचा इशारा माझ्यासाठी नव्हता. मग कुणासाठी होता, असं सचिवांनी विचारलं. ते सांगता येणार नाही, असं ती म्हणाली. सचिवांनी चष्मा काढून पुसला. तीस वर्षांत त्यांनी पंचाची शंभर कारणं ऐकली होती, पण कारण नसलेला पंच पहिलाच. दुसरं पिवळं मात्र खरं, असं तिने पुढे सांगितलं, खांबाबद्दलचं वाक्य बोललं गेलं होतं. आणि वडील मैदानात आले तेही खरं. सव्वा पान जसंच्या तसं ठेवा. फक्त ते माझ्या चुकीनंतर आले, एवढं वर लिहा.

“बाळ,” सचिव म्हणाले, “पंचाने चूक कबूल केली की पुढच्या रविवारी लोक दुप्पट ओरडतात. हे पुस्तकात नाही, पण नियमच आहे.”

शेवटी असं ठरलं: पोरीचं लाल कार्ड रद्द, एक पिवळं कायम. सामना येत्या रविवारी पुन्हा, पहिल्या मिनिटापासून. भोंग्याला शेवटची संधी, दोरीमागे. आणि हा सामना पुन्हा मोडला तर त्याला मैदान बंद, आणि तिने बिल्ला दुकानात आणून द्यायचा. सचिव स्वतः येऊन बसणार होते.

सामना मोडणार हे तिला गणितासारखं दिसत होतं. भोंग्याला शिट्टी ऐकू येणार नव्हती, म्हणून तो ओरडणार होता, म्हणून बाकीचे चेकाळणार होते. माणूस बदलत नव्हता, कान बदलत नव्हते. राहिली शिट्टी. शुक्रवारी शेवटचा पेशंट गेल्यावर तिने सात शिट्ट्या केबिनमध्ये नेऊन एकामागून एक वाजवल्या. वाण्याकडची प्लास्टिकची, शाळेच्या कवायतीची, सचिवांच्या दुकानातल्या चार आणि कुत्र्याला बोलावायची एक. सगळ्या तीन हजार ते साडेचार हजार. एकाच विहिरीतले सात बेडूक. तिसऱ्या शिट्टीला डॉक्टर डोकावले, पाचवीला त्यांनी विचारलं की केबिनच्या भिंती बाहेरचा आवाज अडवायला आहेत, आतला नव्हे, हे आपल्याला माहीत आहे ना, आणि सातवीला ते स्कूटर घेऊन घरी गेले.

घरी तिने आत्याला एवढंच सांगितलं, की जाड आवाजाची शिट्टी पाहिजे. आत्याने काही न विचारता शिवणयंत्राचा खालचा खण उघडला, आणि बॉबिनांच्या खालून एक पितळी नळी काढली. वीतभर लांब, हिरवी पडलेली. आतोबा नदीवरच्या फेरीबोटीवर होते, तेव्हाची. धुकं असलं की ते ही वाजवायचे, आणि आत्याला काठावरच्या घरात कळायचं की माणूस येतोय, चहा टाकायला हरकत नाही. तिने ती वाजवली. आवाज असा आला, की जणू वासराला म्हशीचा घसा बसवलाय. तिने मोबाइलवर सूर मोजला. सहाशे.

“पण त्यावर पोरं हसतील,” आत्या म्हणाली.

पोरं हसली. रविवारी पहिल्या शिट्टीला समोरच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड खाली बसून हसला आणि खेळ सुरू व्हायला पाऊण मिनिट गेलं. दोरीपलीकडेही हशा पिकला, कुणीतरी विचारलं की बोट कितीला सुटणार, आणि सचिवांनी खुर्चीत सरळ होऊन नियमांचं पुस्तक उघडलं.

भोंगा हसला नाही. तो दोरीला पोट टेकवून उभा होता, नेहमीसारखा, तोंड उघडायच्या तयारीत. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या संघाच्या पोराला धक्का लागला. भोंग्याने छाती भरून घेतली, आणि तेवढ्यात मैदानातून तो बसका आवाज आला. भोंऽऽ. माणसाचं तोंड उघडंच राहिलं. आतून काही आलं नाही. गोलपाशी पोरीचा डावा हात सवयीने वर गेला, तिने बापाकडे बघितलं, आणि बापाने हळूच स्वतःचा उजवा हात वर केला. ऐकू आली. पंच ते बघत होती. या वेळी तिने हात कुणाकडे आहे ते आधी बघितलं.

पुढची दहा मिनिटं तो नुसता ऐकत होता. एखाद्याला नवं खेळणं मिळावं तसा. शिट्टी झाली की मान डोलवायचा, आणि शेजाऱ्यांना सांगायचा, “थ्रो-इन दिला.” शेजाऱ्यांना ते दिसत होतंच, पण भोंगा दंगा करत नाही म्हटल्यावर त्यांचा सूर हरवला. गाणाऱ्याशिवाय टाळकऱ्यांनी काय करायचं. मध्यंतरात तिने वहीत रेघा मोजल्या. अठ्ठावीस. तिने पुन्हा मोजल्या.

दुसरा अर्धा सुरू झाला. विसाव्या मिनिटानंतर गोलकीपरने हात वर करणं सोडून दिलं, आणि लगेचच एक अवघड चेंडू दोन्ही हातांनी अडवला. बरोबरी होती, एक-एक. शेवटच्या मिनिटाला समोरचा तो हसरा फॉरवर्ड एकटाच पुढे आला, पोर गोल सोडून धावली, चेंडू हुकला आणि तिच्या हातात त्याचा पाय आला. भोंऽऽ. पेनल्टी. गोलकीपरच्याच चुकीची, भोंग्याच्याच पोरीची.

सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. आधी ऑफसाइड होता. पाय लागलाच नाही. बाईने शिट्टी उशिरा मारली, पोरगा पडल्यावर ठरवलं. बँकेत कॅशियर असलेल्या एका बापाने दोरी वर उचलली आणि वाकून आत यायला लागला, त्याच्या मागे आणखी तिघं. सचिवांनी पुस्तक मिटलं. तिने दोन पावलं मागे घेतली, हात नकळत छातीवरच्या बिल्ल्याकडे गेला.

“ओ कॅशियर.”

भोंग्याने आवाज चढवला नव्हता, तो तसाच होता. कॅशियर दोरीखाली वाकलेल्या अवस्थेत थांबला.

“शिट्टी वेळेवर झाली. मी ऐकली.”

“तुम्ही कधीपासून पंचाच्या बाजूने?” कॅशियर खालूनच म्हणाला. “तुमचीच पोर आहे ना ती?”

“माझीच आहे, पाय तिनेच ओढला, दिसलं मला.” मग भोंगा जरा थांबला. त्याने पोरीकडे बघितलं, शेजारच्या माणसांकडे बघितलं, आणि पलीकडच्या रस्त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मला कमी ऐकू येतं. मोसमभर मला एक शिट्टी ऐकू आली नव्हती. ही मला ऐकू आली, म्हणजे तुम्हा सगळ्यांना आलीच असणार. आता दोरी खाली ठेवा, कंबर धरेल.”

 कुणीतरी तोंड हलवून दाखवेल म्हणून तो सगळ्यांकडे एकदा बघून घेत होता, पण तसं काही झालं नाही. समोरच्या संघाची ती आवरणारी आई तेवढी म्हणाली, की माझ्या सासऱ्यांचंही अस्संच होतं. कॅशियरने दोरी खाली ठेवली. त्याची कंबर खरंच धरली होती.

पेनल्टी आत गेली. दोन-एक. भोंग्याचा संघ हरला. पंचाने शेवटची भोंऽऽ दिली तेव्हा पोर तिच्या शेजारून मान खाली घालून गेली आणि जाता जाता काहीतरी पुटपुटली. पंचाने ते ऐकलं. त्यात बोटीचा उल्लेख होता. सामना संपला होता आणि कार्ड खिशात होतं; तिने ते तिथेच राहू दिलं.

सचिवांनी तिला बोलावून सांगितलं की पुस्तकात शिट्टी हवी एवढंच लिहिलंय, कसल्या आवाजाची ते लिहिलेलं नाही, हे आपण तीनदा तपासलं. पुढच्या वर्षी लिहावं लागेल बहुतेक. हा नववा सामना धरला, दहावा पुढच्या रविवारी, आणि ही वस्तू जरा कमी जोरात वाजवता येते का ते बघ.

मंगळवारी संध्याकाळी फोरमन आला. यंत्र घ्यायचं असं नाही, नुसतं लावून बघायचं, असं त्याने नोंदणीच्या मुलीला दोनदा सांगितलं. या वेळी तिने वय विचारल्यावर वय सांगितलं, कारण त्याचं लक्ष तिच्या तोंडाकडे होतं. डॉक्टरांनी मापं घेतली, पंचाने यंत्र त्याच्या कानामागे बसवलं, आलेख बघून त्या विहिरीएवढा आवाज वाढवला, आणि चालू केलं.

त्याने भिंतीकडे मान वळवली. मग म्हणाला, घड्याळ वाजतंय. तिने सांगितलं, हो, ते नेहमीच वाजतं. मग त्याने स्वतःचा शर्ट चोळून बघितला, कागद चुरगाळून बघितला, आणि हळू आवाजात, इतक्या हळू की दवाखान्यात कुणी त्याला तसं बोलताना ऐकलं नव्हतं, विचारलं की आपण रोज एवढं मोठ्याने बोलतो का. तिने वैद्यकीय शिस्तीने होकारार्थी मान हलवली.

मागच्या बाकावर पोर पाय हलवत बसली होती. रविवार तिच्या मनातून गेला नव्हता. ती भिंतीवरच्या कानाच्या चित्राला, नेहमीच्या पट्टीत, म्हणजे पंचाला ऐकू जाईल आणि बापाला नाही एवढ्या आवाजात म्हणाली, “बोटवाली बाई. पेनल्टी नव्हतीच ती.”

फोरमन खुर्चीसकट वळला.

“काय म्हणालीस?”

पोरीने पंचाकडे बघितलं, पंचाने यंत्राकडे. पोरीचा डावा हात सवयीने वर निघाला आणि अर्ध्यावरच थांबला, पाची बोटं पसरून.

“तो हात ठेव खाली,” फोरमन म्हणाला. “त्याची सुट्टी झाली. आता तोंडाचं बघू.”